विषय: प्राग, व्हिएन्ना आणि बाबांचे पाउंड

प्रेषक: मेघना (रेडिंग)

मंडळी, नमस्कार.

साताऱ्याहून आईबाबा आलेत. हाफ-टर्मला, म्हणजे इथल्या शाळांच्या सत्रामधल्या सुट्टीत, त्यांना घेऊन आधी प्राग आणि मग रेल्वेने व्हिएन्ना, असा पाच दिवसांचा बेत आहे. व्हिएन्नात युरो, प्रागला कोरुना. माझ्याकडे पगार जमा होतो त्या बँकेचं साधं डेबिट कार्ड आहे, बाबांकडे भारतातल्या बँकेचं. शिवाय २०१६ च्या लंडनफेरीतून उरलेले चारशे पाउंड बाबांनी कपाटात जपून ठेवले होते. ते पाकीट तसंच घेऊन आलेत आणि याच सहलीत खर्च करायचे म्हणतायत. कोरुना इथूनच घेऊन जाऊ की तिथे बदलू? हिथ्रोवर मिळतात, तिथे घेतले तर चालेल का?

मेघना

---

प्रेषक: संदीप (हॅरो)

मेघना, विमानतळावर आयत्या वेळी काउंटरवर अजिबात घेऊ नकोस. तिथले दर सगळ्यांत वाईट असतात. दोन दिवस आधी ऑनलाइन ठरवून तिथून नुसते उचलले तर दर बराच सुधारतो, पण त्याचीही गरज नाही.

आधी बाबांचं पाकीट उघडून बघ. २०१६ चे म्हणजे वीस-पन्नासच्या कागदी नोटा असणार. त्या ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत आणि प्रागमध्ये तर त्यांना कुणी हात लावणार नाही. बाबांना सांग, पैसे बुडालेले नाहीत. बँक ऑफ इंग्लंड त्या नोटा कधीही बदलून देते, लंडनमध्ये थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या त्यांच्या कार्यालयात जाऊन किंवा पोस्टाने. काही पोस्ट ऑफिसांतही ओळखपत्र दाखवून ३०० पाउंडांपर्यंत बदलून मिळतात. सहलीच्या आधी होईल असं मात्र धरून चालू नकोस.

---

प्रेषक: अनघा (स्लाव)

मेघना, तू प्राग म्हणालीस म्हणून सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून २०० पाउंड बाजूला काढले होते. नातवंडांना तिथल्या लाकडी कळसूत्री बाहुल्या आपल्या पैशांनी घ्यायच्या होत्या. जुन्या शहराच्या चौकाजवळ आम्ही तिकिटांच्या रांगेत होतो, तेवढ्यात त्या समोरच्या दुकानात जाऊन पैसे बदलून आल्या. बाहेर मोठ्या अक्षरांत ‘कमिशन ० टक्के’ लिहिलं होतं. हातात आले ४००० कोरुना. त्या दिवशी पाउंडाला साधारण २९ कोरुनांचा भाव होता, म्हणजे ५८०० मिळायला हवे होते. कमिशन खरंच शून्य होतं. सगळी कापाकापी दरातच केली होती.

मी हिशेब सांगितल्यावर आई काही बोलल्या नाहीत. जेवतानाही गप्प होत्या. तो गप्पपणा मला साठ पाउंडांपेक्षा जास्त लागला.

हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने पावती बघितली, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता परत जा. चेक प्रजासत्ताकात १ एप्रिल २०१९ पासून कायदाच आहे. १००० युरोंपर्यंतचा व्यवहार असेल तर तीन तासांच्या आत, कारण न सांगता, तो रद्द करता येतो. आम्हाला दोन तास होऊन गेले होते. अक्षरशः धावत गेलो. काउंटरवरच्या माणसाने आधी मान हलवली, पण पावती पुढे करून आम्ही खिडकीपासून हललोच नाही. शेवटी कोरुना मोजून घेतले आणि २०० पाउंड परत दिले. आईंनी त्याच पैशांनी दोन गल्ल्या सोडून, नीट दर विचारून, कोरुना घेतले आणि बाहुल्याही घेतल्या.

म्हणून पावती कधीही टाकू नका. बदलायच्या आधी एकच प्रश्न विचारा: ‘या शंभर पाउंडांचे माझ्या हातात किती कोरुना पडतील?’ आणि रस्त्यात कुणी चांगला भाव देतो म्हणून नोटा पुढे केल्या, तर आईबाबांचा हात धरून सरळ पुढे चला. कोरुना म्हणून बेलारूसच्या, चलनातून बाद झालेल्या जुन्या नोटा पर्यटकांच्या हातावर ठेवण्याचा प्रकार तिथे पुष्कळ झालाय.

आता खरं महत्त्वाचं. रोख लागलीच तर एटीएममधूनच काढ, पण खऱ्या बँकेच्या. दुकानांच्या आणि हॉटेलांच्या दारात उभी असलेली यंत्रं टाळ. कार्ड घातलं की यंत्र विचारतं, तुमच्या खात्यातून पाउंडात वळते करू का? दर ठरलेला, काळजी नको, वगैरे. तिथे नाही म्हणायचं. समज, ४००० कोरुना काढलेस. पाउंडाला २८ चा भाव असेल तर खात्यातून १४३ पाउंड जायला हवेत. यंत्राने स्वतःचा २५ चा दर लावला की १६० गेले. एका बटणाचे सतरा पाउंड.

लोक चुकतात ते त्या शब्दांमुळे. बटणावर ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ (रूपांतर नाकारा) किंवा ‘विदाउट कन्व्हर्जन’ (रूपांतराशिवाय) असतं. डिक्लाइन वाचून वाटतं की व्यवहारच रद्द होईल, कार्ड अडकेल. तसं होत नाही. पैसे येतातच, फक्त दर तुझ्या कार्डाचा लागतो. हॉटेलात आणि दुकानात कार्डाच्या मशीनवरही हाच प्रश्न येतो. तिथेही कोरुनाच निवड, व्हिएन्नात युरो. वेटर घाईघाईत स्वतःच बटण दाबतो, तेव्हा मशीन हातात मागून घ्यायला लाजू नकोस.

आणि तुझं ते डेबिट कार्ड घरी ठेव. इथल्या बऱ्याच नेहमीच्या बँका परदेशातल्या खर्चावर जवळजवळ तीन टक्के लावतात, रोख काढली तर काहींचा वर आणखी आकार. स्टार्लिंग या ॲपवरच्या बँकेचं खातं फोनवरून उघडता येतं आणि परदेशात ते काही लावत नाहीत. कार्ड पोस्टाने यायला दिवस लागतात, म्हणून आजच अर्ज कर.

अनघा

---

प्रेषक: विश्वासकाका (मिल्टन कीन्स)

चि. मेघना,

मी कोल्हापुरात बँकेत नोकरी करून निवृत्त झालो, तेव्हा तुझ्या बाबांच्या कार्डाबद्दल लिहितो. भारतातल्या बहुतेक कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चाला ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. एक लाख रुपयांच्या खर्चावर ४१३० रुपये झाले. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड, असेल तर त्यात कोणतं चलन भरलंय ते पाहा. कोरुना बहुतेक कार्डांत नसतोच, त्यामुळे पाउंड किंवा युरो भरलेलं कार्ड प्रागला वापरलं की चलन बदलण्याचा वेगळा आकार बसतो. व्हिएन्नात युरोचं कार्ड उत्तम.

आणखी एक. नव्या कार्डांवर परदेशी वापर सुरुवातीला बंद असतो, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बाबांना ॲपमधून तो चालू करायला सांग. अडीअडचणीला दुसरं कार्ड जवळ हवंच, आणि ते दुसऱ्या माणसाच्या खिशात हवं.

क्रेडिट कार्डावर रोख मात्र काढू नये. व्याज त्याच दिवसापासून चढतं.

आईबाबांना नमस्कार.
विश्वासकाका

---

प्रेषक: मेघना (रेडिंग)

अनघाताई, काका, संदीप, सगळ्यांचे आभार. परवा परत आलो.

पाकिटात खरंच सगळ्या कागदी विसाच्या नोटा निघाल्या. फॉर्म भरून पोस्टाने पाठवल्यात. बाबा जरा हिरमुसले होते, पण बँक ऑफ इंग्लंडचं पान त्यांनी स्वतः वाचलं आणि मग शांत झाले.

नवीन कार्ड जाण्याच्या दोन दिवस आधी हातात पडलं. प्रागला ट्राममध्येच कार्ड टेकवून तिकीट निघतं, त्यामुळे रोख फारच कमी लागली. बँकेच्या एटीएममधून १९०० काढले. २००० मागितले असते तर एकच मोठी नोट आली असती आणि ती मोडायला दारोदार फिरावं लागलं असतं. पडद्यावर तो प्रश्न आला तेव्हा मी बाबांनाच पुढे केलं. ‘डिक्लाइन’वर बोट नेऊन त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, त्यांनी दाबलं, नोटा आल्या. पुढे चारही दिवस जिथे मशीन आलं तिथे ते आधी आईला सांगायचे, “थांब, आधी वाचू दे.”

काका, व्हिएन्नातल्या एका उपाहारगृहात वेटरने पाउंड निवडून मशीन पुढे केलं होतं. पिन टाकायच्या आधी दिसलं, रद्द करून पुन्हा करायला लावलं. त्याने मुकाट्याने केलं.

सुट्ट्या नाण्यांत १४० कोरुना उरलेत. इथे नाणी सहसा कुणी बदलून घेत नाही. मंडळातलं कुणी नाताळात प्रागला जाणार असेल तर दिवाळीच्या कार्यक्रमाला माझ्याकडून घेऊन जा. पाकिटावर अनघाताईंचं ते वाक्य लिहून ठेवलंय, शंभर पाउंडांचे हातात किती पडतील ते.

मेघना