मदत हवी आहे: स्लो कुकरमधलं ब्रिस्केट चिवट होतंय

मंडळी, आम्ही टेक्ससला ऑस्टिनमधे राहतो, बाल्कनीत स्मोकर (धुरावर मांस शिजवायची भट्टी) लावायला सोसायटीवाले देत नाहीत म्हणून बीफ ब्रिस्केट (छातीकडचं मांस) स्लो कुकरमधे करायचा घाट घातला. मागच्या रविवारी साडेतीन पौंडाचा फ्लॅट (ब्रिस्केटचा कमी चरबीचा सपाट भाग) आणला, आदल्या रात्री मीठ, जाडसर मिरी, पाप्रिका आणि जरा ब्राऊन शुगर चोळून फ्रीजमधे ठेवला, सकाळी तळाला कांद्याच्या चकत्या, चरबीची बाजू वर, कपभर स्टॉक नि अर्धी बाटली बार्बेक्यू सॉस ओतून लो वर ६ तास. बघते तर काटा आत जाईना! थर्मामीटर १७८ फॅरेनहाइट दाखवतोय म्हणजे शिजलंय, पण मऊ कुठंय? नवरा म्हणे चप्पल बरी.

२०० च्या आसपास गेल्याशिवाय त्यातलं कोलॅजन (मांस चिवट करणारं प्रथिन) नीट विरघळत नाही म्हणतात, मग लो वरच ९-१० तास ठेवू का? हाय वर केलं तर कोरडं पडेल का? आणि पाणी इतकं सुटलं की सॉस पार पाणचट, तर स्टॉक घालूच नको का? सॉस शेवटी लावून ब्रॉयलरखाली (ओव्हनच्या वरच्या आचेखाली) ५ मिनिटं खरपूस केलंय का कुणी? लिक्विड स्मोक (बाटलीतला धुराच्या वासाचा अर्क) अर्धा चमचा घातला होता तर घरभर जळक्या लाकडाचा वास, तो किती थेंब घालता?

फ्लॅटऐवजी ब्रिस्केटचा दुसरा, चरबीवाला भाग म्हणजे पॉइंट घेऊ का तेही सांगा. धाग्यांच्या आडवं कापायचं एवढं माहितीये. शनिवारी १२ माणसं जेवायला आहेत हो, त्यातले चौघे इथलेच, टेक्ससचे!