नौपाडा ते लीड्स, सप्टेंबर 2021

लेकीला एकटं परदेशी पाठवायच्या विचाराने झोप उडाली आहे, असं तुम्ही लिहिलंत ताई. वाचून माझी आईच डोळ्यांपुढे आली.

मी ठाण्याहून एकटी लीड्सला शिकायला गेले ती सप्टेंबर 2021 मध्ये. ब्रिटनने ऑगस्टमध्ये भारताला कोविडच्या लाल यादीतून, म्हणजे जिथून येणाऱ्यांना सक्तीने हॉटेलात राहावं लागे अशा देशांच्या यादीतून, काढलं होतं, म्हणून हॉटेलातलं महागडं विलगीकरण टळलं. पण कोविशील्डचे दोन्ही डोस घेऊनही, भारतात घेतलेली लस तेव्हा तिथे धरतच नव्हते. परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसरा डोस 84 ऐवजी 28 दिवसांनी मिळे, त्यासाठी बाबांनी किती खेपा घातल्या होत्या! फार लागलं ते मनाला. खोलीत 10 दिवस एकटीने काढायचे, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी चाचणी.

पहिल्या रात्री फोन 9 टक्क्यांवर आला आणि लक्षात आलं, आपल्या चार्जरच्या गोल पिना तिथल्या चौकोनी भोकांत जातच नाहीत. आई इकडे फोन धरून जागी. बाहेर पडायची बंदी. शेवटी दाराआडूनच हाक मारली. समोरच्या खोलीतल्या मुलीने अडॅप्टर उंबऱ्याशी ठेवला, मागे सरकली आणि मी तो उचलेपर्यंत थांबून राहिली. तिचा चेहरा मला अकराव्या दिवशी दिसला. तोवर आईने दिलेल्या दशम्या आणि मेतकूट संपलं होतं.

अडॅप्टर आणि दोन वेळचं खाणं लेकीच्या हातातल्या बॅगेतच द्या, मोठ्या बॅगेत नको.