जिप्समला विसरून कसं चालेल?

खनिजांच्या उपयोगांवरच्या या चर्चेत क्वार्ट्झ, अभ्रक आणि ग्राफाइटबद्दल छान माहिती आली आहे. त्यात जिप्समची भर घालावीशी वाटते, कारण इतकं उपयोगी असूनही हे खनिज चर्चेत फारसं येत नाही.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या स्फटिकातच वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. सगळी गंमत या पाण्यात आहे. साधारण १५० अंश सेल्सियसला तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी निघून जातं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस उरतं. त्यात पाणी कालवलं की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. मोडलेल्या हाडाचं प्लास्टर याच गुणावर चालतं. जिप्समचे बोर्ड आगीत बराच वेळ तग धरतात तेही या पाण्यामुळेच: आतलं पाणी वाफ होऊन जाईपर्यंत बोर्डाची मागची बाजू १०० अंशांच्या फार वर जात नाही. सिमेंटचा क्लिंकर (भट्टीत भाजून निघालेले कडक खडे) दळतानाही थोडं जिप्सम घालतात. ते नसेल तर कालवलेलं सिमेंट काही मिनिटांतच आळून बसेल.

बराइट हे खनिजही यादीत हवंच. पाण्याच्या साडेचार पट जड असल्याने तेलविहिरी खोदताना विहिरीत सोडल्या जाणाऱ्या चिखलात ते मिसळतात, म्हणजे खालून येणारा वायूचा दाब रोखला जातो. पाण्यात विरघळणारे बेरियमचे क्षार विषारी असतात, पण बराइट म्हणजेच बेरियम सल्फेट जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून पोट-आतडी स्पष्ट दिसावीत यासाठी शुद्ध स्वरूपात ते पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला पाजता येतं. मला तर हा खनिजांचा सर्वांत विलक्षण उपयोग वाटतो.