मदत हवी आहे: मोहोरातली सर्दी आणि सेसना

नमस्कार मंडळी. मी देवगडचा. सध्या सेसना १७२ या छोट्या विमानावर उडायला शिकतोय, कमर्शियल लायसन्सच्या २०० तासांपैकी ६२ झालेत. सुट्टीला घरी आलो आणि नेहमीचंच सुरू झालं: कलमं मोहोरली, बाबांच्या फवारण्या चालू, आणि माझं नाक बंद. लहानपणापासूनचा त्रास, त्यामुळे कधी मनावर घेतलं नव्हतं.

गेल्या वर्षी असाच चोंदलेल्या नाकाने उडलो. वर जाताना काही वाटलं नाही. उतरताना मात्र उजव्या कानात असा ठणका उठला की रेडिओवरचं अर्धं बोलणं कळेना. नंतर इन्स्ट्रक्टरने झापलं. केबिनमध्ये दाब राखायची सोय नाही, आणि हवेचा दाब जमिनीजवळच सगळ्यात झपाट्याने बदलतो, म्हणजे नेमका लँडिंगच्या वेळी कान दडणार.

आई म्हणते, सेट्रिझिन (ॲलर्जीची गोळी) घे नि जा. पण त्याने मला झापड येते. अमेरिकेच्या एफएएचा (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) ठोकताळा शेवटच्या डोसनंतर उडण्याआधी दोन डोसांमधल्या अंतराच्या पाचपट थांबण्याचा आहे. रोज एक गोळी म्हणजे पाच दिवस जमिनीवरच! फेक्सोफेनाडिन ही ॲलर्जीची दुसरी गोळी त्यांना चालते, झोप येत नसेल तर.

आपल्याकडे डीजीसीएचे (आपली विमान वाहतूक नियामक संस्था) डॉक्टर काय सांगतात? क्लास १ मेडिकलच्या (कमर्शियल वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीच्या) वेळी ही ॲलर्जी सांगितल्यावर कुणाला अडचण आली का? लपवायची नाहीये, फक्त तयारीने जायचंय. आणि रत्नागिरी, कोल्हापूर किंवा गोव्याकडे वैमानिक तपासणारा कान-नाक-घशाचा डॉक्टर माहीत असेल तर कृपया कळवा. सोमवारी परत निघायचंय.