अनुभव धागा: सावंतवाडीच्या भातुकलीतलं जातं पुन्हा रंगवताना

माळ्यावरून खाली आलेल्या लाकडी जात्याचा खुंटा हललेला असतो, कड उडालेली असते, रंगाचे पोपडे निघालेले असतात. हे काम हाताखालून गेलेल्यांनी साहित्य, प्रमाण आणि कुठे बिघडतं ते इथे नेमकं लिहावं.

*

आधी रंग कुठला ते ओळखा, बाकी सगळं त्यावर ठरतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पिळा आणि जात्याच्या बुडाला अर्धा मिनिट टेकवून धरा. जागा चिकट झाली, बोळ्यावर रंग उतरला तर ती लाख. काहीच झालं नाही तर बहुधा ऑइल पेंट.

लाख असेल तर कृपा करून सगळी खरवडू नका. लेथवर (लाकूड फिरवून घडवण्याच्या यंत्रावर) फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून पसरते, मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणतात. ब्रशनं ती चकाकी परत येत नाही. जिथे टवका उडालाय तेवढीच जागा भरा.

*

टवक्यासाठी: १०० ग्रॅम चपडा लाख (पातळ पापड्यांच्या रूपातली लाख) ५०० मिली स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. त्यातल्या दोन चमच्यांत चिमूटभर हिरमुंजी (तांबड्या मातीची रंगपूड) घोटली की जुन्या लाल रंगाच्या जवळ जाता येतं. ब्रश एकदाच फिरवायचा. पुन्हा त्याच जागी नेला तर खालचा थर विरघळून ओढला जातो. दोन थरांत किमान दोन तास जाऊ द्या. पावसाळ्यात करूच नका, हवेतल्या दमटपणानं लाखेवर पांढरट साय धरते. गाळलेलं द्रावण सहा महिन्यांपेक्षा जुनं असेल तर टाकून द्या, ते नीट कडक होत नाही.

*

ऑइल पेंट जुना असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाण्यात भिजवलेला २२० नंबरचा पॉलिश पेपर, मास्क, खाली वर्तमानपत्र, आणि मुलं दुसऱ्या खोलीत.

टाचणीएवढी भोकं आणि ताजा भुसा दिसला तर आधी किडीचा बंदोबस्त. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दुसऱ्या दिवशी उघडा, नाहीतर लाकडावर पाणी सुटतं.

*

खुंट्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जुना सुकलेला गोंद भोकातून पूर्ण खरवडा, त्याच्यावर नवं फेविकॉल धरत नाही. भोक सैल झालं असेल तर लांबी (पुट्टी) भरू नका, ती चार दिवसांत भुगा होऊन निघते. खुंट्याच्या बुडाला रंध्यानं काढलेली लाकडाची पातळ साल गुंडाळा, फेविकॉल लावून ठोका, २४ तास हात लावू नका. मधल्या खिळ्याला मात्र गोंद अजिबात नको, वरची तळी फिरली पाहिजे. तिथे मेण चोळा. दोन तळ्या एकमेकींवर घासतात ते पृष्ठभागही रंगवू नका, रंग दमट हवेत चिकटतो आणि तळी उचलताना सालीसारखा निघतो.

*

वेलबुट्टी ॲक्रिलिकनं काढणार असाल तर आधी ४०० नंबरच्या पेपरनं चकाकी मारा, नाहीतर रंग नखानं सुटतो. गोल रेघेसाठी जातं केकच्या फिरत्या स्टँडवर ठेवा, मनगट डब्यावर टेकवा, शून्य नंबरचा ब्रश स्थिर धरा आणि स्टँड फिरवा. ब्रश फिरवलात तर रेघ डगमगते. वरून लाखेचं पॉलिश देऊ नका. स्पिरिटनं ॲक्रिलिक मऊ होतं आणि फुलं पुसटतात. पाण्यावर आधारित व्हार्निशचे दोन पातळ हात पुरे.