मदत हवी आहे : जुन्या गाड्यांच्या डीलरवर विश्वास ठेवावा की नाही, हे कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

जुनी गाडी घ्यायची आहे. वडिलांना उपचारांसाठी वरचेवर न्यावं लागतं, त्यामुळे रस्त्यात मध्येच बंद पडणारी गाडी नको. नवीन घेणं सध्या जमणारं नाही. घरात कोणालाच गाड्यांमधलं फारसं कळत नाही. एक गाडी पसंत पडली आहे, पण डीलरबद्दल मनात शंका आहे. ती रास्त आहे की मी उगाच घाबरते आहे, ते समजून घ्यायचं आहे.

गाडी २०१८ची, पेट्रोल, मीटरवर ३४,००० किलोमीटर. डीलर म्हणतो एकच मालक, वयस्कर गृहस्थ, गाडी बहुतेक उभीच असायची. माणूस बोलायला फार चांगला. वडिलांची चौकशी केली, कुठलाही प्रश्न टाळला नाही. दुकान नीटनेटकं, गाडी आतून-बाहेरून लख्ख.

पण ब्रेकच्या पेडलवरचं रबर बघून मी थबकले. त्यावरच्या रेघा एका कडेला पार झिजून गेल्यात, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. स्टिअरिंगही वरच्या बाजूला तुकतुकीत झालंय. उभ्या राहणाऱ्या गाडीचं पेडल इतकं झिजतं का? आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. विचारल्यावर म्हणाला, आत्ताच धुवून आणली. आणि ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवते म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. "आमच्याकडे दीडशे पॉइंटची तपासणी होते, गाडी बाहेर देत नाही." पाठोपाठ, आणखी दोन गिऱ्हाईकं तयार आहेत, टोकन देऊन ठेवा. टोकनच्या पावतीवर छापलंय की रक्कम परत मिळणार नाही. मी अजून काही दिलेलं नाही.

माझा प्रश्न गाडीपेक्षा माणसाबद्दल जास्त आहे. गाडी मेकॅनिक तपासेल, पण डीलर खरा की खोटा हे आपल्यासारख्यांनी कशावरून ओळखायचं?

प्रतिसाद

टोकन अजिबात देऊ नका. द्यायचंच झालं तर "मेकॅनिकच्या तपासणीत दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत" असं पावतीवर लिहून, सही-शिक्का घेऊन. खरोखर दोन गिऱ्हाईकं उभी असतील तर त्याला तुमच्या टोकनची इतकी घाई कशाला?

प्रतिसाद

ताई, पेडलच्या रबरावर एकट्यावर निकाल देऊ नका. सतत गर्दीतून चालवलेल्या गाडीचं पेडल कमी किलोमीटरलाही झिजतं. पण इथे वर्णन "उभी असायची" असं आहे आणि झीज भरपूर वापराची आहे, म्हणजे गोष्ट आणि गाडी जुळत नाहीत. जुन्या गाडीत कोरं करकरीत रबर दिसलं तरी मला तेवढीच शंका येते, कारण ते बदलायला काहीच लागत नाही.

पुढच्या वेळी टायर बघा. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५२१ असेल तर २०२१ सालच्या ३५व्या आठवड्यातला टायर. चारही टायरचे वाचा, स्टेपनीचाही. ३४,००० किलोमीटरमध्ये साधारणपणे टायरचा पहिलाच संच अजून चालू असतो. चारही टायर नंतरच्या सालातले निघाले तर ते कधी आणि का बदलले, हे विचारा.

बॉनेट गरम असणं मला पेडलपेक्षा जास्त खटकलं. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे दिसतं आणि ऐकू येतं, ते गरम इंजिन लपवतं. त्यामुळे आधी फोन करून सांगायचं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा. मग तुम्ही सायलेन्सरमागे उभ्या राहा आणि दुसऱ्याला गाडी सुरू करायला सांगा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गार हवेत सुरुवातीला पांढरी वाफ येतेच, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) इंजिनात शिरत असण्याची शक्यता असते.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोक बघतात. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू व्हायच्या आधी एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागून राहिला तर बिघाड, हे सगळ्यांना कळतं. पण तो लागलाच नाही, तर कोणीतरी दिवाच काढून टाकला असू शकतो. वडिलांना घेऊन फिरणार आहात, हे नक्की बघा.

प्रतिसाद

पाणी शिरलेल्या गाड्याही लख्ख पुसूनच विकायला येतात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. आतला भाग सहसा कोणी धूत नाही, तिथे मातीची रेघ किंवा डाग राहतो. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, कार्पेटखाली ओल आहे का, तेही बघा. आत सुगंधी फवारा जोरात मारलेला असेल तर काचा बंद करून थोडा वेळ आत बसा, त्याआड कुबट वास येतो का बघा.

प्रतिसाद

मी याच धंद्यात आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

आमच्याकडच्या बऱ्याच गाड्या एक्स्चेंजमधून नाहीतर लिलावातून येतात. आधीच्या मालकाने काय केलं, ते सगळं आम्हालाही माहीत नसतं. त्यामुळे ज्या डीलरकडे प्रत्येक प्रश्नाचं ठाम उत्तर आहे, त्याच्यापेक्षा "हे मला माहीत नाही, तुम्ही तपासून घ्या" म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. तुमच्या डीलरने एकही प्रश्न टाळला नाही, हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. मी त्याकडे उलट बघेन.

गाडी बाहेर न देण्यामागे खरं कारणही असू शकतं. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं आणि ठोकली तर विम्याचा घोळ होतो. पण त्यावर उपाय आहेत. मेकॅनिकला इथे आणा म्हणता येतं, किंवा आमचा ड्रायव्हर गाडी तुमच्या गॅरेजवर आणतो. यातलं काहीच नको म्हणत असेल, तर अडचण विम्याची नाही.

त्याला विचारा, गाडी तुमच्या मालकीची आहे की मालकाने कमिशनवर विकायला ठेवलीय? विक्रीच्या पावतीवर नाव कोणाचं येणार? पैसे फर्मच्या खात्यात जाणार की कोणाच्या खासगी खात्यात? कमिशनवर विकणं गैर नाही, पण मग नंतर काही निघालं तर जबाबदार कोण, ते आधी ठरायला हवं. गाडीवर कर्ज बाकी नाही याचा कागदही हातात घ्या.

प्रतिसाद

धागाकर्तीचा मूळ प्रश्न माणसाबद्दल आहे, त्याबद्दल लिहितो.

१९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन एक मांडणी केली होती. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा सरसकट मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि टाकाऊ उरतात. पुढे २००१ साली त्यांना या विषयातल्या कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. यावर त्यांनी सांगितलेला एक उपाय म्हणजे हमी. चांगली गाडी विकणाऱ्याला हमी देणं स्वस्त पडतं, खराब गाडी विकणाऱ्याला महाग.

तुमची परीक्षा इथेच आहे. गोड बोलणं, पाणी विचारणं, चकचकीत दुकान हे खऱ्यालाही जमतं आणि खोट्यालाही. खोट्याला जे महागात पडेल, तेच मागायचं. फर्मच्या लेटरहेडवर तीन वाक्यं लिहून मागा: मीटर खरा आहे, मोठा अपघात झालेला नाही, पाणी शिरलेलं नाही. खाली सही. आणि करारात "गाडी जशी आहे तशी" असं कलम असेल तर तोंडी दिलेली आश्वासनं नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं, त्यामुळे ते नीट वाचा.

ऑनलाइन रिव्ह्यू बघताना एक स्टारवाले आधी वाचा. तक्रार सगळ्यांचीच येते, डीलरने तिला काय उत्तर दिलं ते बघा. एकाच आठवड्यात आलेली पाच स्टारची रांग मी मोजतच नाही.

प्रतिसाद

मीटर मागे फिरवला असेल तर तो आकडा नेहमीच सगळीकडे बदललेला नसतो. बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिनचा कंट्रोल युनिट (छोटा संगणक) किंवा एबीएसचं, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं, मॉड्यूलही किलोमीटर साठवून ठेवतं. मेकॅनिककडे ही माहिती वाचणारा चांगला स्कॅनर असेल तर ताडून बघता येतं. स्कॅन करताना रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या यंत्रणांची तपासणी पूर्ण केली का हे दाखवणाऱ्या नोंदीही बघायला सांगा. बरेचसे "अपूर्ण" दाखवत असतील तर फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) नुकतेच पुसलेले किंवा बॅटरी काढलेली असू शकते. तसं असेल तर गाडी थोडी चालवून नंतर पुन्हा स्कॅन करा.

आणि १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) डॅशबोर्डवर, चासीवर आणि कागदांवर एकच आहे का ते एकेक अक्षर लावून बघा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्याच नंबरवर जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी असतात, प्रत्येक भेटीला मीटरचा आकडा लिहिलेला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लेटरहेडची कल्पना मी लगेच वापरली. फोनवर डीलर म्हणाला, मेकॅनिकला दुकानात आणा, चालेल. पण मीटरचं लिहून देणार नाही, "मीटरची हमी आम्ही कोणालाच देत नाही." सर्व्हिसच्या नोंदींसाठी मालकाची संमती लागेल असं सेंटरने सांगितलं आणि मालकाचा नंबर द्यायला डीलर तयार नाही. ती गाडी मी सोडली.

आज दुसरीकडे एक पाहिली. २०१६ची, मीटरवर जास्त किलोमीटर, सर्व्हिसची बिलं फाइलमध्ये. या डीलरने स्वतःहून सांगितलं की पुढचा बंपर आणि डावं फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) रंगवलेलं आहे, आणि मी न मागता पावतीवर तसं लिहितो म्हणाला. गाडी तुमच्या गॅरेजवर पाठवतो असंही म्हणाला. माणूस बरा वाटतो, पण रंगवलेली गाडी घ्यावी का?

प्रतिसाद

बंपर आणि फेंडर हे बोल्टवर बसणारे भाग आहेत, बदलले किंवा रंगवले म्हणून गाडी वाईट होत नाही. प्रश्न त्यांच्या मागच्या सांगाड्याचा आहे. मेकॅनिकला गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि पुढच्या चासी रेल (सांगाड्याचे लांब आधार), रेडिएटरचा आडवा सपोर्ट आणि दारांचे पिलर (छत पेलणारे खांब) दाखवायला सांगा. तिथे वेल्डिंगच्या नव्या खुणा, सुरकुत्या किंवा वेगळा रंग दिसला तर धक्का आतपर्यंत गेलाय. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर न रंगवलेल्या पत्र्यावर साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) येतं. डाव्या फेंडरवर जास्त येणारच, त्याने ते सांगितलंच आहे. पण डाव्या दारावर किंवा पिलरवर ५००च्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे, आणि मग त्याने सांगितलं त्याहून जास्त काही झालेलं आहे.

मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला स्टिअरिंग क्षणभर सैल सोडून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. तपासणीचा रिपोर्ट आला की फोटोंसकट इथेच टाका, बघून सांगतो.