पाईप उन्हात किती वाढेल? फॅरेनहाइटचा आकडा सेल्सिअसमध्ये नेताना ३२ वजा करायचे का?

केळीवाला, रावेर तालुका

नमस्कार मंडळी. विहिरीपासून केळीच्या बागेपर्यंत १२० मीटर पीव्हीसी लाईन टाकतोय. मधला टप्पा सगळा खडकाचा, चारी खोदणं परवडत नाही, म्हणून लाईन उघड्यावरच राहील. सहा मीटरचे २० नग, सोल्युशन लावून जोडायचे. पुतण्यानं नेटवरून एक अमेरिकन केटलॉग काढलं, त्यात प्रसरणाचा आकडा ०.००००३ इंच प्रति इंच प्रति अंश फॅरेनहाइट दिलाय.

जानेवारीच्या पहाटे पाईप १० अंशांवर आणि मे महिन्यात दुपारी रिकामा पाईप ६० वर, असा ५० अंश सेल्सिअसचा फरक मी धरला. पुतण्यानं ५० चे १२२ फॅरेनहाइट केले आणि वाढ ४४ सेंमी काढली. दुकानदार म्हणतो, सरळ ५० नं गुणा, १८ सेंमी येते. शाळेतलं सूत्र मलाही आठवतं, ३२ वजा करा, ५ नं गुणा, ९ नं भागा. पण वजा कशातून करू? ०.००००३ मधून ३२ काढले तर उत्तर उणे येतं, म्हणजे आमचा पाईप वैशाखात आखडणार!

निवृत्त पीडब्ल्यूआय, भुसावळ

भाऊ, दोघांचंही सोडा. उत्तर ३२.४ सेंमी आहे.

३२ चा इथं संबंधच नाही. ते ३२ फक्त शून्य कुठं मांडला याचा हिशेब सांगतात. तुमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो, दुसऱ्या कुणाचं साल जानेवारीत सुरू होत असेल. म्हणून सालाच्या पगारातून महिन्याचा पगार काढताना कुणी आखाजीची तारीख वजा करतं का? बाराने भागतो आणि मोकळा होतो. प्रसरणाचा आकडाही असाच दर आहे, एका अंशामागे किती वाढ एवढंच तो सांगतो. म्हणून फक्त अंशाचा आकार बघायचा. सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरेनहाइटचे १.८ अंश.

०.००००३ ला १.८ नं गुणा: ०.००००५४ प्रति अंश सेल्सिअस. त्याला ५० नं आणि १२० मीटरनं गुणा: ०.३२४ मीटर. उलटं करून बघा. ५० अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे ९० अंश फॅरेनहाइटचा फरक, १२२ चा नव्हे. ०.००००३ गुणिले ९० गुणिले १२०, पुन्हा ०.३२४. पुतण्यानं थर्मामीटरवरचा आकडा बदलला, बदलायचा होता फरक. इंच प्रति इंचची काळजी करू नका, ते मीटर प्रति मीटरच.

आता रुळाचं सांगतो. पीडब्ल्यूआय म्हणजे रेल्वेच्या रुळांचा निरीक्षक, सगळी नोकरी त्यातच गेली. रेल्वेच्या हिशेबात रुळाच्या पोलादासाठी ०.००००११५२ प्रति अंश सेल्सिअस धरतात. इतका तिरपागडा आकडा का, असा प्रश्न मला पडायचा. १.८ नं भागून बघितलं तर बरोब्बर ०.०००००६४ निघालं. फॅरेनहाइटच्या जमान्यातला गोल आकडा कुणीतरी इमानदारीनं गुणून ठेवला असावा, असा माझा अंदाज.

यावरून हेही बघा की तुमचं पीव्हीसी पोलादाच्या साडेचार पटीहून जास्त पसरतं. १३ मीटरचा रूळ ५० अंशांत साडेसात मिलिमीटर वाढतो. तेवढाच पीव्हीसी पाईप ३५ मिलिमीटर.

तंत्रनिकेतनातला मास्तर, धुळे

पीडब्ल्यूआय नानांनी सांगितलंय ते बरोबर. पोरं गुणायचं की भागायचं यात अडकतात, त्यांना मी एवढंच विचारतो: फॅरेनहाइटचा अंश लहान की मोठा? लहान. मग लहान अंशामागची वाढही कमीच हवी, म्हणजे फॅरेनहाइटचा आकडा नेहमी लहान. ॲल्युमिनिअम सेल्सिअसला ०.००००२३, फॅरेनहाइटला ०.००००१२८. उलटं आलं तर गणित तपासा. प्रति केल्विन लिहिलं असेल तर काहीच करू नका, तो अंश सेल्सिअसएवढाच.

केळीवाला, रावेर तालुका

समजलं. म्हणजे ३२ सेंमी वाढीची जागा ठेवू का?

निवृत्त पीडब्ल्यूआय, भुसावळ

सगळी एकाच बाजूला नको. जोडताना पाईप किती तापलाय ते महत्त्वाचं. रुळातही आम्ही आधी थर्मामीटर लावायचो, मगच कामगारांच्या गँगला हात घालू द्यायचो. समजा ३० अंशांवर जोडलात, तर उन्हाळ्यात १९.४ सेंमी वाढेल आणि थंडीत १३ सेंमी आखडेल. भर दुपारी ६० वर जोडलात तर पुढं नुसता आखडतच जाईल आणि थंडीत जोड ओढले जातील. सकाळी आठ-नऊला काम उरका.

आणि सोल्युशनऐवजी रिंगफिट का नाही घेत? रबरी रिंगच्या जोडात पाईप सरकायला जागा असते. सहा मीटरच्या एका नगाची वाढ १६ मिलिमीटर, ती त्या त्या सॉकेटातच जिरते. फक्त टोक सॉकेटात ठासू नका, थोडं मागं ठेवा. वळणावर आणि शेवटाला मात्र काँक्रीटचा ठोकळा पाहिजे, नाहीतर पंप सुरू झाला की जोड निसटेल.

शिवाय आयएस ४९८५ मध्ये, म्हणजे पीव्हीसी पाईपच्या भारतीय मानकात, पाईपचा दाब २७ अंशांना धरलेला असतो. तापलेल्या पाईपला तेवढा दाब झेपत नाही. तुमच्याकडे लाईट रात्री येत असेल, तर दिवसभर लाईन रिकामी भाजणार. वरून उसाचं पाचट किंवा माती टाका, पाईपचं आयुष्यही वाढेल.

केळीवाला, रावेर तालुका

रिंगफिटचा भाव विचारतो. शेवटचं एक, त्याच केटलॉगात पुढं १०० फुटांना ३.६ इंच असंही लिहिलंय. हा वेगळा आकडा आहे का?

निवृत्त पीडब्ल्यूआय, भुसावळ

तोच आहे. कोपऱ्यात १०० अंश फॅरेनहाइटला असं लिहिलं असेल, बघा. १०० फूट म्हणजे १२०० इंच. ३.६ भागिले १२०० भागिले १००, आलं ०.००००३.